काळी स्क्रीन आणि एका कार्डाचे दोन दावेदार : प्रस्तावना

लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होताना स्क्रीन काळी पडून तशीच राहिली, तरी बहुतेक वेळा संगणक बंद पडलेला नसतो. त्याचा प्रोसेसर काम करीत असतो, डिस्कवरील फायली जशाच्या तशा असतात, पुष्कळदा नेटवर्कही जोडले गेलेले असते. अडलेले असते ते एवढेच की, चित्र उमटवणाऱ्या कार्डाचा ताबा कोणत्या ड्रायव्हरने घ्यायचा याचा निकाल लागलेला नसतो, किंवा तो चुकीच्या बाजूने लागलेला असतो. ही गोष्ट ध्यानात आली की दुरुस्तीची दिशा बदलते, कारण मग शोधायचे असते ते आरंभाच्या नेमक्या कोणत्या पायरीवर आणि कोणाकोणात हा तंटा झाला हे. महाराष्ट्रातील दुरुस्तीच्या दुकानांत आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अशा वेळी ‘फॉरमॅट मारण्याचा’ सल्ला सहज दिला जातो. त्यात डिस्क पुसली जाते, प्रणाली नव्याने बसते, आणि कार्ड व ड्रायव्हर यांच्यातील मूळ वाकडे तसेच राहिल्यामुळे पुढच्या एखाद्या अपडेटनंतर स्क्रीन पुन्हा काळी होते. घरातील छायाचित्रे, डीटीपी करणाऱ्याने वर्षानुवर्षे जुळवलेली पाने, संशोधक विद्यार्थ्याचा अर्धा लिहून झालेला प्रबंध अशा दुरुस्तीत विनाकारण गमावला जातो. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान विस्ताराने फार मोठे नाही; मात्र ते क्रमाने समजून घ्यावे लागते.

ड्रायव्हर म्हणजे प्रणालीचा गाभा असलेले कर्नल आणि एखादे यंत्रांग यांच्यामध्ये उभा राहून एकाची आज्ञा दुसऱ्याला कळेल अशा रूपात पोचवणारा प्रोग्रॅम. छपाईयंत्राचा ड्रायव्हर चुकला तर कागद कोरा निघतो आणि बाकीचे काम चालू राहते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर चुकला तर काय चुकले हे दाखवण्याचे साधनच नाहीसे होते, आणि म्हणूनच हा दोष त्याच्या वास्तविक आकारापेक्षा कितीतरी मोठा भासतो. त्यात भर अशी की, ग्राफिक्स कार्ड हा संगणकातला जवळजवळ दुसरा संगणकच असतो: त्याची स्वतंत्र मेमरी असते, स्वतःची घड्याळगती असते, वीज वाचवण्याच्या स्वतःच्या अवस्था असतात, आणि अलीकडच्या कार्डांत तर त्याच्या आत चालणारे फर्मवेअर, म्हणजे यंत्रांगातच राहून त्याला चालवणारा प्रोग्रॅमही असतो. असे गुंतागुंतीचे यंत्रांग एका वेळी एकाच ड्रायव्हरच्या हाती असावे लागते. सातबाऱ्यावर एकाच गटाला दोन परस्परविरोधी मालकांची नावे लागली म्हणजे जमीन कसलीही जात नाही आणि विकलीही जात नाही, तशी गत दोन ड्रायव्हरांमध्ये सापडलेल्या कार्डाची होते.

आरंभाचा क्रम पाहिल्याशिवाय ही गत उलगडत नाही. कळ दाबल्यावर प्रथम मदरबोर्डावरील फर्मवेअर जागे होते. पूर्वी त्याला बायोस म्हणत, आता त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हे फर्मवेअर कार्डावरच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने स्क्रीन उजळते, आणि म्हणूनच उत्पादकाचे बोधचिन्ह कोणताही ड्रायव्हर नसताना दिसू शकते. त्यानंतर बूटलोडर येतो, लिनक्सवर बहुधा ग्रब, आणि तो डिस्कवरून दोन वस्तू मेमरीत आणतो: एक कर्नल, आणि दुसरी इनिट-रॅम-एफएस नावाची लहानशी तात्पुरती फाइलप्रणाली, जिच्यात मुख्य डिस्क उघडण्यापूर्वी लागणारी साधने व ड्रायव्हर बांधून ठेवलेले असतात. कर्नल आरंभी फर्मवेअरने उजळून ठेवलेल्या चित्रपटलावरच अक्षरे उमटवते. मग जोडलेल्या प्रत्येक यंत्रांगाला त्याची ओळख विचारते. ही ओळख अंकांची असते, आणि त्यात उत्पादकाचा क्रमांक ठरलेला असतो, जसा इंटेलचा ८०८६, जो त्या कंपनीच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरचेच नाव वागवतो. क्रमांक जुळला की ज्या ड्रायव्हरने त्या क्रमांकावर दावा सांगितला असेल तो लादला जातो, फर्मवेअरच्या तात्पुरत्या चित्रपटलाला बाजूला सारतो, कार्डाचा ताबा घेतो, आणि स्क्रीनचे रेझोल्यूशन व रिफ्रेश रेट नव्याने ठरवतो. या शेवटच्या कृतीला मोड-सेटिंग म्हणतात. स्क्रीन काळी पडते ती बहुतेक याच क्षणी, कारण जुना धारक निघून गेलेला असतो आणि नव्याला कार्ड नीट चालवता येत नसते. हा टप्पा पार पडल्यावर मागाहून लॉगिनची खिडकी दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर आणि त्याच्या पाठीशी एक्स किंवा वेलँड ही खिडक्यांची व्यवस्था सुरू होते. तिथेही अपयश येऊ शकते, पण ते निराळ्या जातीचे असते आणि त्याच्या खुणाही निराळ्या असतात.

मोड-सेटिंगचे काम कर्नलकडे आले ते तुलनेने अलीकडे. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. पुढे दोन दशके कार्डाशी थेट बोलण्याचा अधिकार बऱ्याच अंशी या एक्सच्या सर्व्हरकडेच होता, जो कर्नलच्या बाहेर चालतो. अक्षरांची स्क्रीन कर्नलची आणि चित्रांची स्क्रीन एक्सची, अशी ती वाटणी असल्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाताना स्क्रीन लुकलुकत असे, आणि एक्स कोसळला तर कर्नलला आपली चूक-सूचना दाखवण्यासाठीही जागा उरत नसे. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलमध्ये इंटेलच्या ग्राफिक्ससाठी मोड-सेटिंग कर्नलच्या आत आले, आणि पुढे इतरांसाठीही तीच रीत रुळली. ही सुधारणा मोलाची होती. तिच्यामुळे आरंभ सुबक झाला आणि सुरक्षितताही वाढली. पण तिचा एक परिणाम असा झाला की, ड्रायव्हरमधील दोष आता लॉगिनपर्यंत थांबत नाही, आरंभाच्या पहिल्या काही सेकंदांतच प्रकट होतो. कर्नलला मोड-सेटिंग टाळायला सांगणारी नोमोडसेट या नावाची जी आज्ञा आज सर्वत्र सांगितली जाते, तिचा उगम याच बदलात आहे.

एकाच कार्डासाठी दोन ड्रायव्हर असावेत ही स्थिती मुख्यतः एनव्हिडियाच्या कार्डांबाबत निर्माण झाली, आणि तिची कारणे तांत्रिक असण्यापेक्षा अधिक ऐतिहासिक आहेत. लिनक्सचे कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वाटले जाते, त्यामुळे ज्याचा मूळ कोड उघड नाही असा ड्रायव्हर त्याच्यात सामावता येत नाही. एनव्हिडियाने आपला ड्रायव्हर बंद ठेवला आणि कार्डांची अंतर्गत माहितीही दीर्घकाळ जाहीर केली नाही. तेव्हा २००६ च्या सुमारास स्तेफान मार्शेसँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नूवो हा मुक्त ड्रायव्हर लिहिण्याचे काम हाती घेतले. माहितीपत्रके नसल्यामुळे त्यांनी बंद ड्रायव्हर कार्डाच्या कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहितो याची नोंद करून, त्या नोंदींची तुलना करून, कार्डाचे वागणे उलट्या दिशेने उलगडले. इतक्या चिकाटीचे आणि इतके कमी गाजलेले काम संगणकाच्या इतिहासात फार थोडे आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये आलेल्या २.६.३३ या कर्नलमध्ये नूवोचा समावेश झाला, आणि तेव्हापासून बहुतेक लिनक्स वितरणांत एनव्हिडियाचे कार्ड दिसताच प्रथम पुढे येणारा ड्रायव्हर हाच असतो.

उलगडून मिळवलेल्या माहितीला मर्यादा असतात, आणि त्या मर्यादा पुढे अधिक कडक झाल्या. २०१४ मध्ये आलेल्या मॅक्सवेल घराण्याच्या दुसऱ्या पिढीपासून एनव्हिडियाच्या कार्डांना कंपनीची डिजिटल सही असलेलेच फर्मवेअर चालू लागले. ते उपलब्ध नसल्यास नूवोला कार्डाची घड्याळगती वाढवता येईना, आणि महागडे कार्ड आरंभीच्या मंद गतीवरच रखडू लागले. लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी त्याआधीच, २०१२ मध्ये, फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील कार्यक्रमात या कंपनीच्या असहकाराबद्दल जाहीरपणे आणि अत्यंत कडक शब्दांत संताप व्यक्त केला होता. त्या संतापाचे कारण व्यक्तिगत नव्हते, कर्नल सांभाळणाऱ्या अनेकांचा तो साचलेला अनुभव होता. बंद ड्रायव्हर लादला की कर्नल स्वतःवर ‘दूषित’ अशी खूण करून घेते, आणि त्या अवस्थेतील तक्रारींचा तपास कर्नलचे विकासक सहसा करीत नाहीत, कारण ज्याचा कोड पाहता येत नाही त्याचा दोष शोधता येत नाही. म्हणजे वापरकर्त्यापुढे एका बाजूला मुक्त पण अपुरा ड्रायव्हर आणि दुसऱ्या बाजूला समर्थ पण परका ड्रायव्हर, अशी निवड उभी राहिली. आणि दोन्ही एकाच डिस्कवर नांदू लागल्यामुळे आरंभीचा संघर्ष ही नित्याची गोष्ट झाली. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्यूरिंग व त्यापुढच्या पिढ्यांसाठी आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग मुक्त परवान्याखाली खुला केला. चित्ररचनेचे ग्रंथालय मात्र बंदच राहिले, आणि त्याआधीच्या पिढ्यांची कार्डे या खुल्या भागाच्या कक्षेबाहेरच राहिली.

या संघर्षाचे सर्वांत सामान्य रूप असे असते. वापरकर्ता कंपनीचा ड्रायव्हर बसवतो. पण नूवो आरंभीच कार्डाचा ताबा घेऊन बसलेला असल्यामुळे कंपनीचा ड्रायव्हर लादला जात नाही. यावर उपाय म्हणून नूवोला काळ्या यादीत टाकले जाते, म्हणजे ‘मॉडप्रोब’ या साधनाच्या फोल्डरमध्ये एक लहान फाइल ठेवून हा ड्रायव्हर आपोआप लादू नये असे कळवले जाते. फाइल योग्य असते, तिच्यातील ओळही योग्य असते, आणि तरीही संगणक पुन्हा सुरू केल्यावर नूवोच पुढे येतो. येथे अनेकजण हात टेकतात. कारण असे की, आरंभाच्या पहिल्या टप्प्यात कर्नल मुख्य डिस्ककडे पाहतच नाही. ते इनिट-रॅम-एफएसमधील प्रतीवर विसंबते, आणि ती प्रत काळी यादी लिहिण्यापूर्वी बांधलेली असते. ती पुन्हा बांधल्याशिवाय केलेला कोणताही बदल आरंभाच्या त्या टप्प्याला कळत नाही. डेबियन व उबुंटू यांत हे काम ‘अपडेट-इनिट-रॅम-एफएस’ ही आज्ञा करते, फेडोरात ‘ड्रॅकट’. बदल केला पण उपयोग झाला नाही अशा ज्या तक्रारी येतात, त्यांपैकी पुष्कळ या एका विस्मरणातून आलेल्या असतात, आणि या विषयात एकच गोष्ट पक्की करायची झाल्यास हीच करावी.

दुसरे रूप अधिक फसवे आहे, कारण त्यात वापरकर्त्याने काहीच केलेले नसते. कालपर्यंत नीट चालणारा संगणक आज अपडेटनंतर काळा पडतो. कर्नलच्या बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी स्वतंत्रपणे घडवावा लागतो. हे काम आपोआप व्हावे म्हणून डेल कंपनीत डीकेएमएस ही व्यवस्था तयार झाली, जी नवे कर्नल आले की ड्रायव्हर पुन्हा घडवते. पण त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फायली, म्हणजे त्याच्या अंतर्गत रचनेचे वर्णन, संगणकावर असाव्या लागतात. त्या नसतील, किंवा नव्या कर्नलमधील बदल ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्तीला पचत नसेल, तर घडण अपुरी राहते. नूवो काळ्या यादीत आहे आणि कंपनीचा ड्रायव्हर घडलेला नाही, अशा अवस्थेत कार्डाला कोणीच धनी उरत नाही. दोन दावेदारांच्या भांडणातून शेवटी कोणीच नाही अशी अवस्था यावी, ही या विषयातली खास गुंतागुंत आहे. उपाय मात्र सोपा आहे: ग्रबच्या यादीतील प्रगत पर्यायांत जुने कर्नल बहुधा शिल्लक असते, ते निवडले की संगणक पूर्ववत सुरू होतो, आणि मग शांतपणे हेडर फायली बसवून ड्रायव्हर पुन्हा घडवता येतो. जुन्या कार्डांच्या बाबतीत आणखी एक तपासणी लागते, कारण एनव्हिडिया ठरावीक काळाने जुन्या पिढ्यांचा आधार मुख्य ड्रायव्हरमधून काढून घेते. फर्मी पिढीसाठी ३९० आणि केप्लर पिढीसाठी ४७० या मालिकांपुढे जाता येत नाही. नवे ते चांगले या समजुतीने अशा कार्डावर नवी मालिका बसवली की ती कार्ड ओळखूनही नाकारते.

तिसरे रूप सुरक्षिततेच्या व्यवस्थेतून येते. विंडोज ८ च्या बरोबरीने २०१२ पासून बाजारात आलेल्या संगणकांत सिक्युअर बूट ही सोय रुजली, जिच्यामुळे विश्वासू सही नसलेला प्रोग्रॅम आरंभात चालू दिला जात नाही. ती चालू असताना बहुतेक प्रमुख वितरणांची कर्नलही सही नसलेला ड्रायव्हर नाकारतात. स्वतःच्या संगणकावर घडवलेल्या ड्रायव्हरला सही द्यायची तर मालकाने स्वतःची किल्ली नोंदवावी लागते. त्यासाठी बसवताना एक पासवर्ड ठरवला जातो आणि पुढच्या आरंभाच्या वेळी निळ्या रंगाची एक स्क्रीन तो विचारते. ही स्क्रीन थोडाच वेळ थांबते, तिच्यावरील मजकूर इंग्रजी व रूक्ष असतो, आणि ती काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे वापरकर्ता ‘पुढे चला’ असा पर्याय निवडून मोकळा होतो. किल्ली नोंदली जात नाही, ड्रायव्हर नाकारला जातो, आणि दोष ड्रायव्हरवर येतो. त्या स्क्रीनवर किल्ली नोंदवण्याचा पर्याय निवडून पासवर्ड दिला की प्रश्न मिटतो. सिक्युअर बूट बंद करण्याचा जो सल्ला सरसकट दिला जातो तो चालतो खरा, पण त्यात संरक्षणाची एक भिंत पाडली जाते आणि तीही न पाडता काम होण्यासारखे असताना.

लॅपटॉपचे प्रकरण याहून वेगळे, कारण त्यात पुष्कळदा दोन कार्डेच असतात. २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस ही रचना आणली, जिच्यात स्क्रीन इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेली असते आणि जड काम आले की एनव्हिडियाचे कार्ड चित्र तयार करून इंटेलच्या हवाली करते. विजेची बचत मोठी होते; पण दोन ड्रायव्हरांनी सहकार्य करणे ही आता अट होऊन बसते. काही लॅपटॉपांत एचडीएमआयचे तोंड थेट एनव्हिडियाच्या कार्डाला जोडलेले असते, त्यामुळे आतली स्क्रीन काळी आणि बाहेर जोडलेल्या मॉनिटरवर चित्र, किंवा याच्या उलट, असा चकवणारा अनुभव येतो. निदानाच्या दृष्टीने हा चकवा उपकारक आहे: बाहेरचा मॉनिटर जोडून पाहणे ही पहिल्या पाच मिनिटांतच करावयाची तपासणी होय. आरंभी लिनक्सवर या रचनेला आधार नव्हता, आणि ती उणीव भरण्यासाठी २०११ मध्ये बंबलबी हा प्रकल्प उभा राहिला. त्याच वर्षी त्याच्या बसवणीच्या स्क्रिप्टमध्ये एका मार्गात चुकून मोकळी जागा पडली, आणि जी आज्ञा एक लहान फोल्डर काढण्यासाठी होती ती ‘यूएसआर’ हा प्रणालीचा मुख्य फोल्डरच पुसून टाकू लागली. दोष लवकर सुधारला गेला. त्याचे महत्त्व असे की, ड्रायव्हरच्या दुरुस्तीत जवळजवळ प्रत्येक आज्ञा सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने चालते, आणि म्हणून कोठूनतरी उचललेली स्क्रिप्ट न वाचता चालवणे हे काळ्या स्क्रीनपेक्षा अधिक धोक्याचे असते.

एएमडी आणि इंटेल यांच्याबाबत येथे थोडक्यात सांगितले तरी पुरे, कारण त्यांचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच राहतात. एएमडीच्या काही पिढ्यांवर जुना रेडिऑन आणि नवा एएमडी-जीपीयू असे दोन्ही ड्रायव्हर दावा सांगू शकतात, आणि कर्नलला दिलेल्या लहान सूचनेने त्यांच्यातील निवड करता येते. मात्र या कार्डांना फर्मवेअरच्या वेगळ्या फायली लागतात. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अशा मुक्त नसलेल्या फायली दीर्घकाळ तत्त्वासाठी वगळलेल्या होत्या; २०२२ मध्ये सदस्यांच्या मतदानानंतर हे धोरण बदलले आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून त्या सोबत येऊ लागल्या. तत्त्वाचा मान राखूनही हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल, कारण मुक्त प्रणालीची पहिली भेटच काळ्या स्क्रीनने व्हावी यात मुक्ततेचे काही हित नव्हते.

जुन्या दुरुस्त्यांचे अवशेष हेही नव्या बिघाडांचे मोठे कारण आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेला इन्स्टॉलर आणि वितरणाच्या भांडारातील पॅकेज हे दोन्ही मार्ग एकाच संगणकावर आलटून पालटून वापरले, तर पॅकेजव्यवस्थेला ज्यांची नोंद नाही अशा फायली मागे उरतात. पूर्वी तर ओपनजीएल या चित्ररचनेच्या ग्रंथालयाची एकच फाइल दोघेही एकमेकांवर लिहीत असत, आणि अनेक उत्पादकांची ग्रंथालये शेजारी राहू देणारी जीएलव्हीएनडी ही रचना रुळेपर्यंत तो घोळ चालू होता. एक्सच्या मांडणीची ‘एक्सऑर्ग-कॉन्फ’ ही फाइल असाच अवशेष ठरते. ड्रायव्हर काढला, फाइल राहिली, आणि तिच्यात काढलेल्याच ड्रायव्हरचे नाव राहिले, की एक्स सर्व्हर एकही स्क्रीन सापडली नाही असे लिहून थांबतो. आजच्या संगणकांना बहुधा ही फाइल लागतच नाही. तिचे नाव बदलून बाजूला ठेवणे एवढ्यानेच कित्येक संगणक मार्गी लागतात.

निदानाची पद्धत या सर्व ज्ञानावर उभी आहे. प्रथम संगणक जिवंत आहे का हे पाहावे: कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो का, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर अक्षरांची स्क्रीन येते का, दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्गे आत शिरता येते का. यांपैकी काहीही साधले तर कर्नल शाबूत आहे, आणि अक्षरांची स्क्रीन आली तर दोष वरच्या थरात आहे. ती आली नाही तर ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहावे आणि कंट्रोल व एक्स दाबून पुढे जावे. त्यामुळे कर्नलमधील ग्राफिक्स ड्रायव्हर मोड-सेटिंगच्या वाटेला जात नाहीत आणि फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रपटलावर काम भागते. उबुंटूच्या बसवणीच्या यादीतील ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय हेच करतो. ही सूचना एका आरंभापुरतीच टिकते, हा तिचा गुण आहे. अनेकजण तिला कायमची करून टाकतात आणि मग रेझोल्यूशन कमी का, दुसरा मॉनिटर का लागत नाही, प्रकाश कमी-जास्त का होत नाही, व्हिडिओ अडखळतो का, अशा नव्या प्रश्नांत अडकतात. नोमोडसेट आत शिरण्यासाठी असते. आत शिरल्यावर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘के’ या पर्यायासह द्यावी, म्हणजे कोणत्या कार्डावर कोणता ड्रायव्हर बसला आहे आणि आणखी कोण दावा सांगत आहे हे दोन्ही दिसते. मग ‘जर्नल-कंट्रोल’ या साधनाने आधीच्या फसलेल्या आरंभाची नोंदवही वाचावी, आणि एक्स वापरात असेल तर त्याच्या नोंदीतील कंसात दोन ‘ई’ अक्षरे असलेल्या ओळी पाहाव्यात, कारण चुका त्याच खुणेने लिहिलेल्या असतात. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर टिपावा, आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. तीन बदल एकदम करून यश आले तर त्यातला कोणता लागू पडला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

विंडोजवरही हा प्रश्न आहे, फक्त त्याची मांडणी वेगळी आहे. व्हिस्टाबरोबर ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना मुळापासून बदलली, आणि त्या संक्रमणाची किंमत वापरकर्त्यांनी मोजली: अमेरिकेतील एका खटल्यात २००८ मध्ये उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांनुसार २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या बिघाडांपैकी २८ टक्क्यांहून अधिक एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांशी जोडलेले होते. त्याच रचनेने दिलेली चांगली गोष्ट अशी की, कार्ड दोन सेकंदांत उत्तर देत नसेल तर प्रणाली ड्रायव्हर पुन्हा सुरू करून स्वतःला सावरू पाहते. सेफ मोडमध्ये मायक्रोसॉफ्टचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर पुढे येतो, आणि तेथून बिघडलेला ड्रायव्हर काढून टाकता येतो, हेतू नोमोडसेटचाच.

या विषयावर मराठीत सविस्तर लिहिले जाण्याची गरज वेगळ्या कारणानेही आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे प्राथमिक धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले, आणि त्यामुळे आज्ञांची ओळख मातृभाषेत होऊ शकली. पण बिघाडाच्या वेळी समोर येणारा प्रत्येक शब्द इंग्रजी असतो, आणि तो घाबरलेल्या मनाने वाचला जातो. त्या ओळींचा अर्थ आधीच मराठीत समजलेला असेल तर वाचणारा त्यांच्यापुढे थबकत नाही. ‘किल्ली उपलब्ध नाही’ हे वाक्य सहीबद्दल आहे, ‘स्क्रीन सापडली नाही’ हे वाक्य मॉनिटरबद्दल नाही, इतके कळले तरी दुरुस्तीचे अर्धे काम झालेले असते.

अखेरीस ड्रायव्हरच्या कक्षेबाहेरचे बिघाड ओळखता आले पाहिजेत, नाहीतर निर्दोष ड्रायव्हरवर दिवसच्या दिवस खर्च होतात. यूईएफआयच्या मांडणीच्या स्क्रीनवरच, म्हणजे कोणतीही प्रणाली सुरू होण्यापूर्वीच, आडवे पट्टे, ठिपके किंवा विस्कटलेली अक्षरे दिसत असतील, तर लिनक्सचा वा विंडोजचा ड्रायव्हर अजून मेमरीतही आलेला नसतो. दोष केबलमध्ये, कार्डाच्या मेमरीत, वीजपुरवठ्यात किंवा कार्डावरच्या झाळकामात असतो. नोमोडसेट देऊनही काही मिनिटांतच चित्र विस्कटत असेल, किंवा पेनड्राइव्हवरून चालवलेल्या वेगळ्या वितरणातही तोच प्रकार घडत असेल, तर संशय यंत्राकडेच वळवावा, केबल बदलून पाहावी, कार्ड काढून त्याचे संपर्क स्वच्छ करून पुन्हा बसवावे, आणि मदरबोर्डावर अंगभूत ग्राफिक्स असल्यास मॉनिटर त्याच्या तोंडाला जोडून संगणक सुरू करावा. त्यावर चित्र स्थिर आले, तर कार्ड नादुरुस्त आहे असे समजून ते बदलण्याची तयारी ठेवावी.